सुपारीवरचा घट

आमच्या घरात सगळ्यात जास्त राबवला गेलेला शब्द इंग्रजी आहे, आणि तो म्हणजे ‘टेंपररी’. पडदे का नाहीत? टेंपररी आहोत. प्लॅस्टिकच्याच खुर्च्या अजून का? टेंपररी घेतल्यात. तारनाक्याच्या या भाड्याच्या फ्लॅटमध्ये आलो त्या दिवशी नवऱ्याने जाहीर केलं की भिंतीला एकही खिळा मारायचा नाही, जाताना मालक कटकट करेल. आम्ही काही गेलो नाही. मालक मात्र देवाघरी गेला. आता त्याची मुलगी भाडं घेते आणि तिला खिळ्यांशी काही देणंघेणं नाही. तरी घड्याळ आमच्या फ्रिजवर टेकवून ठेवलेलं असतं आणि फ्रिज उघडला की पडतं.

मी मूळची इथलीच, गौलीगुड्याची. नवरा पुण्याचा. तो हैदराबादला आला तो कंपनीच्या एका प्रोजेक्टपुरता, आणि लग्न ठरवताना त्याच्या घरच्यांनी माझ्या वडिलांना सांगितलं होतं की मुलगा तिकडे टेंपररी आहे, मुलगी शेवटी पुण्यालाच नांदेल. ते ऐकून माझी आई लग्नात धाय मोकलून रडली. नंतर मी सासरी गेले ती तारनाक्याला, माहेराहून एका सिटी बसच्या अंतरावर. आईचं रडणं फुकट गेलं.

माझ्या माहेरी हाच शब्द वेगळ्या कामाला असायचा. आजोबा मराठवाड्यातली कोरडवाहू शेती भावावर सोपवून या शहरात आले, आणि वडिलांनी गौलीगुड्यात पंपाच्या सुट्या भागांचं दुकान टाकलं. दुकानापुढे त्यांनी एक पत्र्याची शेड उभी केली. कुणी विचारलंच तर सांगायला बरं म्हणून तिला ‘टेंपरवरी’ म्हणायचं ठरलं. आमच्याकडे शब्दाचा उच्चार तसाच होतो. कुणी विचारलं नाही. शेडखाली आधी पाइप आले, मग बाकडं आलं, मग चहावाला आला, मग आसपासच्या दुकानदारांच्या दुपारच्या गप्पा आल्या. बाबा कुठे आहेत असं कुणी विचारलं की आम्ही पोरं सांगायचो, टेंपरवरीत बसलेत. ती शेड आजही आहे आणि माझा भाऊ तिथे बसतो.

विजेची वायर जळाली की येणारा मिस्त्री म्हणायचा, “अभी टेंपरवरी जोड देतूं अम्मा, पक्का बाद में देखेंगे.” त्याचं ते पक्कं कधीच यायचं नाही, पण दिवा त्याच संध्याकाळी लागायचा. धाकटे काका एका ऑफिसात टेंपररी चिकटले आणि तिथेच म्हातारे झाले. माहेरी या शब्दाचा अर्थ एवढाच होता की आता हात घालू, बाकीचं मागाहून. सासरी त्याचा अर्थ होता की आता कशालाच हात घालायचा नाही. शब्द एकच, पण एका घरात त्याने कामं व्हायची आणि दुसऱ्यात ती अडून राहायची. लग्नानंतर बरीच वर्षं मला वाटायचं की आम्ही दोघं एकच भाषा बोलतो.

मला खिळ्यांचा राग नव्हता. राग याचा होता की ज्या गावात मी जन्मले, जिथे कोणत्या गल्लीतलं कोणतं दुकान कधी बंद पडलं हे मला झोपेतही सांगता येईल, त्याच गावात मला पाहुणीसारखं राहावं लागत होतं. कुंडीत कढीलिंबाचं रोप लावलं तर नवरा म्हणायचा, एवढं मोठं होणारं कशाला लावतेस. लेकीला शाळेत कुणी विचारलं की ती ऐटीत सांगायची, वी आर फ्रॉम पुणे. पुण्याला ती वर्षातून एकदा जायची, घटाला.

सासरचा घट हे मोठं प्रकरण आहे. नवरात्राच्या पहिल्या दिवशी कुलदेवतेपुढे पत्रावळीवर माती पसरून तीत धान्य पेरायचं, वर पाण्याने भरलेला घट ठेवायचा, रोज एक फुलांची माळ वरून सोडायची आणि शेजारचा दिवा दसऱ्यापर्यंत विझू द्यायचा नाही. घट बसला की घर बंद ठेवायचं नाही, कुणीतरी घरात हवंच. आणि घट बसतो तो देवांपुढे. आमचे देव, म्हणजे चांदीच्या पातळ पत्र्यावर उमटवलेले पिढीजात टाक, पुण्याच्या फ्लॅटमध्ये. सासरे गेल्यापासून तो फ्लॅट वर्षभर कुलपात असायचा आणि नवरात्रात आम्ही तो उघडून, झाडून, पुसून तिथे राहायला जायचो. त्या दिवसांत इथल्या शाळांना दसऱ्याची लांब सुट्टी असते, त्यामुळे पळवाटही नव्हती. इथे रस्तोरस्ती बायका बतुकम्माच्या सणासाठी फुलांचे थर रचत असायच्या आणि मी गाडीच्या खिडकीतून त्यांच्याकडे बघत पुण्याला निघालेली असायची. जिथे घट बसतो ते घर, असं सासूबाई म्हणायच्या. बाकीच्या नुसत्या राहायच्या जागा.

सासरे गेल्यावर त्याही आमच्याकडे आल्या, अर्थात टेंपररी. इथल्या पाण्याला चव नाही, इथल्या भाज्यांची नावं धड नाहीत, इथली माणसं ‘परसों’ म्हणतात आणि गेल्या वर्षीची गोष्ट सांगतात, अशा त्यांच्या तक्रारी असायच्या. मी बहुतेक हसण्यावारी न्यायची. त्या मायाळू होत्या, माझ्या पोळ्यांना नावं ठेवत त्याच पोळ्या मन लावून खायच्या, लेकीला रामरक्षा शिकवायच्या. फक्त मुक्काम विचारला की टेंपररी.

यंदा पावसाळा सरता सरता त्या बाथरूममध्ये घसरल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, वॉकर आला. हा वॉकर टेंपररी आहे ना, हे त्यांनी डॉक्टरांकडून पुन्हा पुन्हा वदवून घेतलं. प्रवास मात्र डॉक्टरांनी साफ बंद केला. पितृपक्ष लागला तशी घरात कुजबुज सुरू झाली की घटाचं काय. नवऱ्याला भावंड नाही. चुलत्यांकडे त्यांचे देव, त्यांचा घट. त्याने एकट्याने पुण्याला जाऊन बसवावा तर इतके दिवस दिवा सांभाळत घरात बसायला त्याला रजा मिळेना, आणि आजारी आईला माझ्यावर टाकून जायची त्याची तयारीही नव्हती.

तोडगा सासूबाईंनीच काढला. देव हाताशी नसतील तर देवाच्या जागी सुपारी मांडून पूजा करतात. त्या म्हणाल्या, यंदा इथेच सुपारीवर टेंपररी घट बसवू, पुढच्या वर्षी मी चालायला लागले की तिकडे. नवऱ्याला हायसं वाटलं. मलाही वाटायला हवं होतं. इतकी वर्षं ज्याची वाट पाहिली तो घट माझ्या गावात बसायला निघाला होता. पण सुपारी हा शब्द ऐकला आणि माझं डोकं तापलं. खिळे टेंपररी, खुर्च्या टेंपररी, आणि आता देवही. सुपारीवरचा घट दसऱ्याला उठला असता आणि आम्ही होतो तिथेच राहिलो असतो, सामान बांधायच्या बेतात.

“आई, घट इथे बसवायचा तर देव इथे आणू,” मी म्हटलं. “सुपारीवर मी बसवणार नाही.”

नवऱ्याने लॅपटॉपवरून मान वर केली. एका वर्षाचा तर प्रश्न आहे, काय फरक पडतो, असं तो म्हणाला. काही फरक पडत नसेल तर मग देवच आणू या, असं मी म्हटल्यावर त्याची मीटिंग सुरू झाली, निदान तसं त्याने दाखवलं. त्यानंतर सासूबाईंना पाणी हवं असलं की त्या लेकीला सांगायच्या, आणि मी दोन पावलांवर उभी असायची. मीही कमी नाही. मी त्यांचं सगळं वेळच्या वेळी केलं, औषधं दिली, वेणी घातली, आणि विषय तसूभरही सोडला नाही. रोज सकाळी चहा देताना विचारायची, मग देव कधी आणायचे?

एका दुपारी मी त्यांना वॉकर धरून घरातल्या घरात फिरवत होते. गॅलरीच्या दाराशी त्या थांबल्या. खाली कुणीतरी मोटारसायकल धूत होतं, त्याच्याकडे बघत राहिल्या आणि मग माझ्याकडे न पाहता बोलल्या.

“देव इकडे आले की तिकडे माझं काय उरतं? चार भांडी आणि एक कुलूप. यांच्यामागे मी इथे राहू शकले ती टेंपररी म्हणत म्हणतच गं. थोडे दिवसच आहे, असं रोज मनाला सांगितलं म्हणून निभावलं.”

मी इतकी वर्षं तो शब्द माझ्याविरुद्ध ऐकत आले होते. तो त्या स्वतःला धीर द्यायला म्हणतात हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. मला फार वाईट वाटलं. क्षणभर वाटलं की सोडून द्यावं, मांडू दे सुपारी, म्हातारं माणूस आहे. पण सोडलं असतं तर मी पुन्हा कधी तोंड उघडलं नसतं हेही मला कळत होतं.

“तुम्ही टेंपररी आहात म्हणून आम्ही सगळेच टेंपररी झालो, आई. तुमचं घर तिकडे आहे, मान्य. माझं कुठे आहे? मी तर इथलीच, आणि माझ्याच गावात मला घर नाही.”

त्यांनी वॉकर वळवला आणि आम्ही परत खोलीत आलो. दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी मी नेहमीचा प्रश्न विचारायच्या आत त्यांनी उशीखालून पुण्याच्या फ्लॅटची किल्ली काढून माझ्यापुढे धरली. दसरा झाला की देव परत नेऊन ठेवायचे, एवढं मात्र कबूल कर, म्हणाल्या. मी किल्ली घेतली नाही. परत न्यायचे असतील तर मी जातच नाही, असं सांगितलं.

“हट्टी आहेस.”

“हो.”

मग त्यांनी किल्ली माझ्या मांडीवर टाकली आणि सूचना द्यायला सुरुवात केली. देव लाल खणात गुंडाळायचे, खाली तांदूळ घ्यायचे, पिशवी जमिनीवर टेकवायची नाही, वाटेत कुणाशी वाद घालायचा नाही, हे खास मला. आणि सगळ्यात शेवटी, देव्हारा रिकामा ठेवू नये, तिकडे सुपारी मांडून ये. मी मान डोलावली आणि स्वयंपाकघरात जाऊन डोळे पुसले.

नामपल्ली स्टेशनवरून मी एकटीच गाडीत बसले. पुण्याचा फ्लॅट मी दर वर्षी पाहायची, पण नेहमी चार माणसांच्या गडबडीत. या वेळी आत शिरले तर बंद घराचा वास आणि मी. आणि प्रथमच लक्षात आलं की त्या घराच्या भिंतींना खिळेच खिळे आहेत. कॅलेंडरचा, घड्याळाचा, पिशव्यांचा, सासऱ्यांच्या छत्रीचा, तसबिरींच्या दोन रांगा. देव्हाराही सासऱ्यांनी स्वतः भोकं पाडून बसवलेला, किंचित डावीकडे कललेला. सासूबाई कशाला सोडत नव्हत्या ते मला तिथे उभं राहून जास्त कळलं. तरी मी देवांपुढे दिवा लावला, नमस्कार केला, आणि एकेक टाक खणावर उतरवून घेतला. रिकाम्या जागी मूठभर तांदळांवर सुपारी मांडली, हळदकुंकू वाहिलं आणि तिला सांगितलं की बाई, तू टेंपररी आहेस, पण इथलं नीट बघ. स्वतःच्याच बोलण्याचं हसू आलं आणि हसता हसता रडूही आलं. परतीच्या प्रवासात पिशवी मी मांडीवरून हलवली नाही.

घटाची माती मी इथल्या नर्सरीतून आणली. सासूबाईंनी ती चिमटीत घेऊन चोळली आणि हिच्यात काय गहू उगवणार, असं तोंड केलं. फुलांसाठी मी आदल्या दिवशी मुद्दाम गौलीगुड्याच्या बाजूला गेले. परतले तेव्हा त्या पलंगावर पाय लांब करून बसल्या होत्या. मी पिशवी त्यांच्यापुढे रिकामी केली, पिवळ्या फुलांचा ढीगच ढीग. त्यांनी एक डहाळी उचलून डोळ्यांजवळ नेली.

“तरवड? इथे?”

त्यांच्या माहेरी घटाची माळ तरवडाची असायची. पुण्याच्या फ्लॅटच्या आसपास तो मिळायचा नाही म्हणून त्या दर वर्षी झेंडूवर भागवायच्या आणि दर वर्षी कुरकुरायच्या. इथे त्याला तंगेडु म्हणतात, बतुकम्मात तोच लागतो, या दिवसांत बाजार त्याने भरलेला असतो, आपण कधी या दिवसांत इथे नसतोच, असं मी सांगितलं. त्यांनी सुईदोरा मागितला आणि जेवायची वेळ टळेपर्यंत माळ ओवत बसल्या.

घट बसला. माळ वरून सोडायची तर तिला आधार हवा. नवऱ्याने भिंतीला चिकटवायचा एक प्लॅस्टिकचा हूक आणला होता, काढला की डागही राहत नाही म्हणून खूश होता. आरती संपायच्या आत हूक निघाला आणि माळ घटावर कोसळली. नारळ कलंडला, दिवा मात्र वाचला. लेक घाबरून आजीकडे बघू लागली, मी नवऱ्याकडे रागाने बघू लागले, आणि तो हातातल्या हुकाकडे बघत होता. आता शकुन-अपशकुन निघणार म्हणून मी मनातल्या मनात कंबर कसली.

“खिळा मार,” सासूबाई नवऱ्याला म्हणाल्या. “चांगला मोठा मार. रोजची माळ वाढत जाते, तिचं वजन कमी नसतं.”

शेजाऱ्यांकडून ड्रिल मशीन आणलं. ऐन सणाच्या सकाळी आमच्या भिंतीतून विटेची लाल भुकटी गळाली आणि मीच ती झाडली. त्या दिवसांत खालच्या बायकांनी सासूबाईंना बतुकम्मा बघायला खुर्चीसकट लिफ्टने खाली नेलं. दिव्यापाशी मी थांबले. त्या वर आल्या त्या तेलुगूतला एक शब्द शिकून आल्या आणि तो चुकीचा वापरत राहिल्या. नर्सरीच्या मातीत गहू वीतभर उगवला, तेव्हा मातीला त्यांनी काही म्हटलं नाही, गव्हाची मात्र स्तुती केली.

दसऱ्याला घट हलवला. त्यांनी अंकुरांचा एक तुरा लेकीच्या वेणीत खोवला, एक नवऱ्याच्या कानामागे, एक माझ्या अंबाड्यात. नवरा आपट्याऐवजी इथल्या रिवाजाप्रमाणे जम्मीची, म्हणजे शमीची पानं आणायला लेकीला घेऊन बाहेर पडला. आम्ही दोघीच होतो. मी रांगोळी पुसत होते. देव परत न्यायचा विषय त्या आता काढतील, आणि काढला तर आपण काय बोलायचं, हे मी मनात घोळवत होते, कारण माघार घ्यायची नाही हे माझं ठरलेलं होतं.

“इथलं स्मशान कुठे आहे गं?” त्यांनी विचारलं.

माझा हात थांबला. त्या अगदी सहज विचारत होत्या, भाजीबाजार कुठे आहे असं विचारावं तसं. सासऱ्यांना पुण्यात जिथे नेलं तिथेच मलाही न्यायचं, असं वचन त्यांनी नवऱ्याकडून घेतलेलं होतं, हे मला ठाऊक होतं.

“मला काही झालं तर तिकडे न्यायची धावपळ करू नका. देव इथे आहेत, घट इथे बसला. आता पोराला कशाला तो त्रास? त्याला मी सांगेन. तुला आधी सांगते, कारण इथलं तुलाच माहीत.”

मला जे हवं होतं ते सगळं मिळालं होतं. ते असं हातात पडेल हे माझ्या ध्यानीमनी नव्हतं. काहीतरी बोलून विषय उडवून लावावा, अजून खूप आयुष्य आहे वगैरे म्हणावं, असं वाटलं, पण त्या खरंच उत्तराची वाट बघत होत्या. मी हात धुऊन त्यांच्याजवळ जाऊन बसले आणि सांगितलं. आपल्या गल्लीतून बाहेर पडून कुठे वळायचं, कोणत्या पुलाखालून जायचं, तिथून किती लांब. सांगताना मधेच मी अडखळले, तेव्हा त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला, पण थांब म्हणाल्या नाहीत. मी शेवटपर्यंत सांगितलं. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं आणि तिथे झाडं आहेत का, एवढंच विचारलं.

“आहेत,” मी म्हटलं. “कडुनिंबाची आहेत.”